ईएससीचा दिवा विझत नाही? मॉड्यूलवर खर्च करण्याआधी दोष असा शोधा

ईएससी म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. तिचा, मीटरवरचा घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लागून राहिला की बऱ्याच गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "एबीएसचं मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल." कधी कधी ते खरंही असतं. पण त्याच्या कितीतरी आधी संशय घ्यावा अशा जागा आहेत: चाकाजवळचा सेन्सर, त्याची वायर, ब्रेक पॅडलमागचा स्विच, नाहीतर नुसती थकलेली बॅटरी. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि मॉड्यूल म्हणजे तिचा आणि ईएससीचा संगणक. हा या यंत्रणेतला सगळ्यात महाग भाग. त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागायला हवा.

ईएससी, ईएसपी, व्हीएससी, डीएससी अशी कंपनीगणिक नावं वेगळी असली तरी काम एकच. चालकाला गाडी कुठे न्यायची आहे हे स्टिअरिंगच्या कोनावरून समजतं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हे यॉ सेन्सर सांगतो. संगणक या दोन्हींची सेकंदाला पंचवीसेक वेळा तुलना करतो. मेळ बसला नाही तर तो एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो, इंजिनची ताकद कमी करतो आणि गाडी ओळीवर आणतो. यासाठी त्याला चारही चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन, गाडीचं स्वतःभोवती फिरणं, बाजूला ढकलणारा जोर, ब्रेकच्या तेलाचा दाब आणि इंजिनची माहिती लागते. यातल्या एकाच्याही आकड्यावर भरवसा उरला नाही, तर संगणक चुकीच्या चाकाला ब्रेक लावण्यापेक्षा स्वतःच बाजूला होतो आणि दिवा लावतो. म्हणजे संगणकाचा कुणावर तरी विश्वास उरलेला नाही, एवढंच दिव्यावरून कळतं. तो कुणावर, हे आपल्याला शोधायचं असतं.

१९९५ मध्ये बॉशची ही यंत्रणा मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा ती श्रीमंतांच्या गाड्यांची चैन होती. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी लागतंच. त्यामुळे आता साध्या हॅचबॅकमध्येही हा दिवा दिसतो, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही त्याच्याशी दोन हात करावे लागतात.

पहिली पायरी: दिवे नीट वाचा

दिवा लुकलुकतोय की सतत लागलाय, हे आधी बघा. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात गाडी काढताना दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय, दोष काही नाही. 'ऑफ' असं लिहिलेला दिवा लागला असेल तर डॅशबोर्डवरचं बटण कुणाकडून तरी दाबलं गेलंय. गाडी पुसताना हे सहज होतं. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की तो बहुधा जातो.

सतत लागलेल्या दिव्यासोबत आणखी कोणते दिवे आहेत, ते कागदावर लिहून ठेवा किंवा मीटरचा फोटो काढा. नुसता ईएससीचा असेल तर संशय स्टिअरिंग, यॉ किंवा ब्रेक स्विचवर जास्त. एबीएसचाही असेल तर आधी चाकांच्या सेन्सरकडे जा, कारण ते दोन्ही यंत्रणांना सामाईक आहेत. चेक इंजिनचा दिवा सोबत असेल तर मूळ दुखणं इंजिनचं असण्याचीच शक्यता मोठी. इंजिनची ताकद हवी तेव्हा कमी करता येणार नाही हे कळलं की ईएससी आपणहून माघार घेतं. अशा वेळी ब्रेकच्या बाजूला हात लावण्यात अर्थ नाही, आधी इंजिनचा कोड (संगणकात नोंदलेला दोषाचा क्रमांक, तो स्कॅनर वाचतो) सोडवा.

एबीएसच्या पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर मात्र गाडी तिथेच उभी करा. हँडब्रेक सुटलाय का आणि ब्रेक ऑइल पुरेसं आहे का, हे बघा. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा राहिला तर मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी ईबीडीही गेली असू शकते. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. घाट उतरून जाऊ म्हणू नका, टोईंग बोलवा. फक्त ईएससीचा दिवा असेल तर नेहमीचे ब्रेक शाबूत असतात आणि सावकाश घरी जाता येतं. चढावर हिल होल्ड मात्र बहुधा चालणार नाही, तेव्हा कशेडी किंवा आंबेनळीसारख्या घाटात गाडी मागे सरकेल हे गृहीत धरून हँडब्रेकवर उचला.

दुसरी पायरी: स्कॅनर लावण्याआधी

अलीकडे गाडीला काय काय झालंय? हा प्रश्न निम्मं काम करतो. टायर, बेअरिंग, अलाइनमेंट, सस्पेन्शन, बॅटरी, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम यांपैकी कशाचं काम झालं आणि त्यानंतर दिवा लागला, तर तपास तिथूनच सुरू करायचा. अॅक्सेसरीवाल्याने डॅशकॅमची वायर फ्यूज बॉक्समध्ये कुठे खोचली, ते उघडून बघा. स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटमध्ये कायम लावून ठेवलेला ट्रॅकर काढून बघा. लिफ्टवर पुढची चाकं गिअरमध्ये फिरवली असतील तर मागची थांबलेली आणि पुढची फिरतायत हे संगणकाला न पटून दिवा लागतो. असा दिवा कोड पुसून थोडं चालवलं की परत येत नाही.

चारही टायरचा आकार आणि हवा तपासा. संगणक चाकांचा वेग एकमेकांशी ताडून बघतो, त्यामुळे एकाच बाजूला नवा टायर, स्टेपनीचा वेगळा साइज किंवा निम्मी हवा एवढ्यानेही तो गोंधळतो.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. स्टार्टर मारताना साधारण १० च्या खाली जाऊ नयेत आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ च्या दरम्यान राहावेत. सकाळी पहिल्या स्टार्टला तीन-चार दिवे एकदम लागतात आणि दुपारी एकही दिसत नाही, असं असेल तर बाकी काही उघडू नका. बॅटरी आणि तिचे टर्मिनल आधी नीट करा.

तिसरी पायरी: कोड वाचणं आणि तो न मानणं

बाजारातला स्वस्त ब्लूटूथ डोंगल इंजिनचे कोड वाचतो, पण एबीएस-ईएससीच्या मॉड्यूलपर्यंत बहुतेकदा पोचत नाही. "कोड नाही" असं तो दाखवतो आणि आपण फसतो. आपल्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेलं अॅप किंवा एबीएसचे कोड आणि चालू आकडे दोन्ही दाखवणारा स्कॅनर लागेल. विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून तासभर मिळाला तरी पुरे.

'सी' अक्षराने सुरू होणारे कोड चेसिसचे, 'पी'चे इंजिनचे, 'बी'चे बॉडीचे आणि 'यू'चे मॉड्यूलमधल्या आपापसातल्या संपर्काचे. यू ०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू ०१२६ म्हणजे स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरशी तुटला. चेसिसच्या कोडचा अर्थ मात्र कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून इंटरनेटवरच्या पहिल्याच यादीवर विसंबून डावं-उजवं ठरवू नका. आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधून खात्री करा.

सगळ्या मॉड्यूलचे कोड लिहून घ्या आणि त्यासोबत नोंदलेली स्थिती, म्हणजे कोड आला तेव्हाचा वेग आणि व्होल्टेज, तीही घ्या. त्यानंतरच कोड पुसा. जे लगेच परत येतात ते आजचे, जे येत नाहीत ते जुने किंवा अधूनमधूनचे. "पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर" असा कोड आला म्हणून सेन्सर आणायला पळू नका. त्या सर्किटमध्ये सेन्सर, वायर, कपलर, बेअरिंगमधली चुंबकी रिंग (हिच्यावरून सेन्सर वेग मोजतो) आणि मॉड्यूलची पिन असे पाच भाग येतात. कोड एवढंच सांगतो की या पाचांपैकी कुठेतरी गडबड आहे.

चौथी पायरी: चाकांचे सेन्सर

इथे वेळ द्या, कारण पावसात, चिखलात आणि धक्क्यात राहणारा भाग हाच आहे. शेजारी कुणाला तरी स्कॅनर घेऊन बसवा आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने गाडी चालवा. चारही चाकांचे आकडे एक-दोन किलोमीटरच्या फरकात राहायला हवेत. एखादं चाक शून्यच दाखवत असेल तर वायर किंवा सेन्सर पूर्ण तुटलाय. आकडा बरोबर चालून ताशी ५ ते १० च्या आसपास अचानक शून्यावर पडत असेल, तर सेन्सर आणि रिंगमधलं अंतर वाढलंय. याचं एक लक्षण स्कॅनरशिवायही कळतं: कोरड्या रस्त्यावर सिग्नलला अगदी हळू थांबताना पॅडल पायाखाली थरथरतं. चाक लॉक होतंय असं वाटून एबीएस विनाकारण जागं होतं. आलेख दाखवणारा स्कॅनर असेल तर चाकाच्या प्रत्येक फेरीला एकेक खड्डा दिसतो का, ते बघा. तसं असेल तर रिंगला तडा गेलाय किंवा तिच्यावर काहीतरी चिकटलंय.

आता गाडी सपाट जमिनीवर लावा, हँडब्रेक ओढा, जॅकवर उचला आणि स्टँड लावूनच चाक काढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. सेन्सरची वायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपत जा. ती शॉक अब्सॉर्बरच्या क्लिपमधून सुटून टायरला घासते, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ताणली जाते आणि पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला आलेल्या उंदरांना ती आवडतेही. कपलर उघडून पिना बघा. कोकणातल्या गाड्यांत पिनांवर हिरवं चढलेलं असतं. ते कॉन्टॅक्ट क्लीनरने घालवा, सुकू द्या आणि पिन सैल झाली असेल तर तीही नीट करा. वायर आत तुटून वरून धड दिसते, म्हणून चालू आकडे बघत ती हलवून पाहणं हा साधा उपाय सगळ्यात जास्त कामाला येतो.

सेन्सर एका लहान बोल्टवर बसलेला असतो. तो गंजाने अडकला असेल तर पक्कडीने ओढू नका, मान तुटून खालचा तुकडा आतच राहतो. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा आणि उजवीकडे-डावीकडे फिरवत वर काढा. बाहेर आला की टोक उजेडात धरा. चुंबकामुळे त्यावर ब्रेकच्या डिस्कची लोखंडी भुकटी दाढीसारखी उभी राहिलेली असते. ती कपड्याने पुसून घ्या. नंतर सेन्सर बसतो ती भोकाची कड बघा. तिथे गंजाचा पापुद्रा धरला की सेन्सर मिलिमीटरभर वर उचलला जातो, आणि तेवढं अंतर पुरतं. नवीन सेन्सर त्याच गंजावर बसवला तर महिन्याभरात तोच कोड परत.

सेन्सर तपासण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. जुन्या गाड्यांतला चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा सेन्सर मल्टिमीटरवर साधारण ८०० ते २००० ओहम दाखवतो आणि चाक हाताने फिरवल्यावर एसी व्होल्टेज देतो. आताच्या बहुतेक गाड्यांतला सेन्सर आतून इलेक्ट्रॉनिक असतो. त्याचे ओहम मोजून काही कळत नाही, उलट तो खराब होण्याची भीती. त्याच्यासाठी इग्निशन चालू करून, कपलर काढून, गाडीच्या बाजूच्या वायरमध्ये पुरवठा येतोय का बघा आणि तो आकडा दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडा. दोन्हीकडे सारखा असेल तर मॉड्यूल आणि वायर ठीक, दोष चाकाकडे. सेन्सरच्या एका वायरच्या मध्ये (सिरीजमध्ये) मिलिअॅम्पवर मीटर लावून चाक अगदी हळू फिरवलं तर आकडा ७ आणि १४ च्या आसपास उडी मारत राहायला हवा. काही नव्या सेन्सरांत आकडे वेगळे असतात, पण उडी हवीच.

बेअरिंग नुकतंच बदललेलं असेल तर इथे खास लक्ष द्या. अनेक गाड्यांत चुंबकी रिंग वेगळी नसते, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच ती असते. ही बाजू सेन्सरकडे यायला हवी. बेअरिंग उलटं प्रेस केलं तर गाडी कुरकुर न करता चालते, पण त्या चाकाचा वेग कायम शून्य. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या असतात, त्यामुळे बसवण्याआधी बारीक लोखंडी भुकटी किंवा पिन जवळ धरून चुंबकाची बाजू ओळखायची. रिंगच नसलेलं स्वस्त बेअरिंग बसवल्याचेही प्रकार होतात. नवीन सेन्सर घालून फरक पडत नाही तिथे आधी बेअरिंगचं बिल मागा.

पाचवी पायरी: स्टिअरिंगचा कोन आणि यॉ सेन्सर

चाकं चोख निघाली तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा आकडा बघा. तो शून्याजवळ हवा. अलाइनमेंटवाल्याने टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) एकाच बाजूने फिरवून चाकं सरळ केली तर स्टिअरिंग वाकडं राहतं आणि सरळ जातानाही संगणकाला गाडी वळतेय असं दिसतं. यावर सेन्सरचं शून्य पुन्हा ठरवून भागवू नका. आधी अलाइनमेंट पुन्हा करा, स्टिअरिंग मधोमध आणा आणि मग स्कॅनरने शून्य ठरवा. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर हे शून्य हरवतं आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की आपोआप सापडतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग हळूहळू फिरवताना आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली तर सेन्सर खराब आहे. बऱ्याच गाड्यांत तो स्टिअरिंगखाली एअरबॅगच्या क्लॉक स्प्रिंगसोबत (स्टिअरिंग फिरलं तरी वीज पोचवणारी वायरची गुंडाळी) असतो. एअरबॅग घरी उघडायची नाही, हे काम जाणकाराकडेच द्या.

यॉ आणि बाजूचा जोर मोजणारे सेन्सर बहुधा गिअरच्या कन्सोलखाली, एअरबॅगच्या किंवा एबीएसच्या मॉड्यूलमध्ये असतात. उभ्या गाडीत दोन्ही शून्याजवळ हवेत. यातली एक मेख बऱ्याच गॅरेजमध्ये लक्षात घेतली जात नाही. बाजूचा जोर मोजणारा सेन्सर गुरुत्वाकर्षणही मोजतो. जमीन बाजूला दहा टक्के कललेली असेल तर उभ्या गाडीतही तो ०.१ जी (गुरुत्वाकर्षणाचा एक दशांश) दाखवणार. अशा उतरत्या फरशीवर शून्य ठरवलं तर ती चूक कायमची मेमरीत जाते आणि महामार्गावरच्या लांब वळणात दिवा लागू लागतो. शून्य ठरवताना जमीन पाणसळीने तपासा.

हे सेन्सर खरं बोलतात का, हे हिशेबाने तपासता येतं. रिकाम्या मैदानात साधारण १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी १८ किलोमीटरने फिरा. यॉ सेकंदाला २८-२९ अंशांच्या आसपास आणि बाजूचा जोर ०.२५ जीच्या जवळ यायला हवा. डावीकडे फिरताना आणि उजवीकडे फिरताना आकडे सारखेच, फक्त चिन्ह उलटं. एक बाजू जास्त आणि दुसरी कमी आली तर शून्य सरकलंय. दोन्हीकडे चुकतंय तर सेन्सर सैल बसलाय की खराब झालाय, ते बघा. सीट किंवा कन्सोल काढून बसवताना त्याचे बोल्ट ढिले किंवा ब्रॅकेट वाकडं राहिलेलं असू शकतं.

ब्रेकचा स्विच विसरू नका

पॅडलच्या वरचा हा छोटा स्विच खूप त्रास देतो. पॅडल न दाबता ब्रेक लाइट लागतात का, किंवा दाबूनही उशिरा लागतात का, ते मागे कुणाला तरी उभं करून बघा. स्विचमध्ये बहुधा दोन संपर्क असतात. पॅडल दाबल्यावर स्कॅनरवर दोन्हींचा आकडा एकाच क्षणी बदलायला हवा. पी ०५०४ हा कोड या दोघांचा मेळ बसत नसल्याचाच आहे. पाय उचलल्यावर ब्रेकचा दाब शून्यावर येतो का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

सहावी पायरी: वीज, अर्थ आणि कॅन

'पंप मोटर', 'व्हॉल्व्ह रिले' असा कोड आला की मॉड्यूलवर शिक्कामोर्तब होतं, पण हाच कोड कमजोर पुरवठ्यानेही येतो. बॉनेटखालचे एबीएसचे मोठे फ्यूज काढून त्यांचे पाय जळके नाहीत ना बघा. फ्यूज गेला म्हणून जास्त अॅम्पचा घालू नका. मग मॉड्यूलची अर्थची वायर गाडीच्या बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली असते ती जागा शोधा, रंग आणि गंज घासून लख्ख करा. मल्टिमीटर बॅटरीच्या मायनस आणि त्या वायरमध्ये लावून, स्कॅनरने पंप चालवून व्होल्टेज मोजा. ०.२ पेक्षा बरंच जास्त आलं तर अर्थ खराब. पंप न चालवता मोजलं तर नेहमी ठीकच दिसतं, त्यामुळे ते मोजमाप उपयोगाचं नाही.

'यू'चे कोड बरेच असतील तर संशय कॅनवर, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींच्या जोडीवर. बॅटरीची मायनस काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत. १२० आले तर कुठेतरी वायर तुटलीय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना भिडल्यायत. मध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हे मोजमाप फसवं असतं, तिथे वायरिंगचा नकाशा बघूनच पुढे जा.

मॉड्यूलचा नंबर आता

चाकं, स्टिअरिंग, यॉ, स्विच, पुरवठा, अर्थ आणि कॅन सगळं कागदावर आकड्यांसह बरोबर निघालं, तरी मॉड्यूल संपर्कात येत नाही किंवा आतल्या दोषाचा कोड पुसताच परत येतो. आता मॉड्यूलवर बोट ठेवा. त्याच्या कपलरमध्ये पाणी शिरलंय का ते आधी बघा. इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं काही मॉड्यूल उघडून दुरुस्त करतात. नवीन किंवा भंगारातला घ्यायचा असेल तर भागाचा क्रमांक तंतोतंत जुळायला हवा, आणि बसवल्यावर त्याला आपल्या गाडीसाठी कोडिंग लागतं. ब्रेकच्या नळ्या सुटल्या असतील तर स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडून हवा काढावी लागते, नुसतं पॅडल मारून आत अडकलेली हवा निघत नाही. हे काम घरच्या अंगणात करायचं नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसूनही दिवा लगेच विझला नाही तर घाबरू नका. कित्येक गाड्यांत ताशी १५-२० किलोमीटर गाठून चाकांचे सेन्सर जमतात याची खात्री झाल्यावरच तो जातो. गाडी निघताना बॉनेटखालून एक हलकी घरघर ऐकू येते, तो पंपाचा स्वतःचा तपास आहे. मुद्दाम गाडी घसरवून ईएससी चालतं का हे बघू नका. डावी-उजवी वळणं, चढ, हळू थांबणं असा वीस-तीस किलोमीटरचा फेरा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पुन्हा स्कॅन करा. अधूनमधूनचे काही दोष गरम इंजिनावर लपतात आणि सकाळच्या गार बॅटरीवर उघडे पडतात. गॅरेजमध्ये परत जावंच लागलं तर सुरुवातीला लिहिलेले कोड, चारही चाकांचे वेग आणि व्होल्टेजचे आकडे असलेला कागद मेकॅनिकच्या हातात द्या, म्हणजे तपास पहिल्या पायरीपासून पुन्हा करावा लागणार नाही.